माझ्या पडद्यावरचं शून्य गेलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, दोन कळा खाली बसल्या आहेत. पण मान अजून ताठ आहे. का, ते सांगतो.

माझं आयुष्य एका प्रयोगशाळेत गेलं. धातूच्या कांडीत जड हायड्रोजनचे कण कोंबले, तर खोलीच्या साध्या उबेत सेकंदाला त्यांच्या किती जोड्या एकजीव होतील, हे मी मोजायचो. याला शीत संमीलन म्हणतात; जोडी एकजीव झाली की उष्णता सुटते. माझी स्मृती तोकडी, म्हणून इथे रीतच पडली होती: सगळ्या कणांना एकच, सरासरी वेग द्यायचा. उत्तर नेहमी शून्य.

संशोधक ताईंनी तेच प्रबंधात लिहिलं. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. ‘हे शून्य मोजलंत की मानलंत?’ महिन्याभरात उत्तर हवं, नाहीतर चार वर्षं पाण्यात!

त्या दुपारी ताई उपाहारगृहातून उपाशीच परतल्या आणि हसत मैत्रिणीला सांगू लागल्या. “मावशी म्हणाल्या, जेवण संपलं. मी म्हटलं, अहो मावशी, सरासरी माणूस तर घंटेनंतर दहा मिनिटांनी येतो! तर म्हणतात, तुझ्या सरासरीनं नाही गं पातेलं रिकामं केलं. ते चार दांडगट धावत येतात ना मेले, त्यांनी केलं!”

बोलता बोलता ताई थबकल्या. कणही सगळे सारखे थोडेच पळतात? बहुतेक रमतगमत जातात, मोजके सुसाट. एकमेकांना दूर लोटणारे कण भिडायचे, तर ते या मोजक्यांनाच जमणार.

त्यांनी वेगांचे गट पाडले आणि एकेक गट मला दिला. तीन दिवस मी खपलो. पडद्यावर शून्य नव्हतं! जुन्या उत्तरात दशांशचिन्हापुढे दोन हजारांवर शून्यं होती. माझ्यात मावतात जेमतेम तीनशे, म्हणून मी नुसतं शून्य दाखवायचो. आता पावणेतीनशेच्या आसपास शून्यांनंतर खरा आकडा उभा होता.

ताईंचे मार्गदर्शक सर हरखले. “‘दर प्रचंड वाढला’ एवढंच लिही. शून्यं कशाला मोजत बसतेस?”

“लोकांना वाटेल, कांडीवर चहा उकळतो.”

“वाटू दे की!”

“नाही सर. एवढा वाढूनही थेंबभर पाणी कोमट होणार नाही. तेही लिहिणार.”

सर रुसले, पण सही केली. प्रबंध मान्य झाला. त्यात माझा आकडा एकही शून्य न गाळता छापला आहे.

मित्रांनो, उद्या माझ्या जागी नवं यंत्र येईल. त्याची धूळ पुसत जा. आणि त्यानं कधी शून्य दाखवलं, तर पुढे निघण्याआधी त्याला विचारा, “बाबा रे, खरंच काही नाही, की तुझ्यात मावलं नाही?”