वाचनालयाच्या वहीतली सात नावं

ऑफिसचं पत्र आलं तेव्हा मी अण्णांच्या पायजम्यात नाडी ओवत बसले होते. पत्र फार गोड होतं, आणि गोड पत्रांची मला धास्तीच वाटते. 'आपण सगळे पुन्हा एका छताखाली येणार याचा आनंद आहे,' असं वर लिहून खाली हळूच तारीख घातलेली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजेरी. ज्यांना शक्य नाही त्यांनी वीस तारखेपर्यंत कळवावं. म्हणजे राजीनामा द्यावा, पण इतकं सरळ कोण लिहितं!

ऑफिस इथून रेल्वेने नऊ तास. दोन वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी लॅपटॉप काखोटीला मारून या माझ्या जुन्या गावी परत आले. त्यांचा उजवा हात गेला आणि बोलताना शब्द अडकायला लागले. अण्णा छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. गावातल्या माणसांना ते अजून जुन्या नंबरांनी ओळखतात. न्हावी म्हणजे एकशे चाळीस, दवाखाना म्हणजे तीन. गंमत म्हणजे नावं अडकतात, नंबर अडकत नाहीत. पण झटक्यानंतर त्यांनी फोनला हात लावलेला नव्हता. शब्द यायला वेळ लागतो, पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करतो आणि ठेवून देतो. ज्या माणसाने अख्ख्या गावाचे फोन जोडले त्याने फोन वाजला की उठून अंगणात जावं, हे मला बघवत नसे.

त्यांना शहरात न्यावं, तर तेही करून झालं होतं. मागच्या वर्षी महिनाभर माझ्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये हरवले. हसू नका. प्रत्येक मजल्यावर तोच दरवाजा, तीच कुंडी, आणि कुणाला विचारायचं तर तोंडातून शब्द फुटेना. वॉचमन घेऊन आला तेव्हा त्यांचा पायजमा ओला झाला होता. त्यानंतर ते खोलीबाहेर पडलेच नाहीत. इथे ते काठी टेकत एकटे न्हाव्याकडे जातात, वाचनालयात जातात, आणि वाटेत भेटणारी माणसं त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतात.

तेव्हा एक तर त्यांना उपटून न्यायचं, नाही तर इथेच काम शोधायचं. माझी एक जुनी सहकारी मैत्रीण फोनवर म्हणाली, "काम जाहिरातीतून मिळत नाही गं, माणसांतून मिळतं. तिथली आपल्या लाइनीतली माणसं गोळा कर."

"इथे आपल्या सॉफ्टवेअरच्या लाइनीत कोण असणार? शेजारच्या काकू मला विचारतात, दिवसभर काय टाइप करतेस म्हणून."

"तू कुणाला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दोन वर्षांत मी कुणालाच काही विचारलं नव्हतं. गावाबद्दल माझं मत आधीच ठरलेलं होतं.

मग मी कामाला लागले, आणि कामाला लागले की मी कुणाचं ऐकत नाही. पोस्टर केलं. 'कॉम्प्युटरचं काम करणाऱ्यांची भेट. शनिवार, दहा तारीख, संध्याकाळी पाच, वाचनालयाचा वरचा हॉल.' खाली मोबाईलने टिपायचा चौकोन. तो टिपला की फॉर्म उघडणार: नाव, काम, किती वर्षं, काय येतं. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर वीस मिनिटांत फॉर्म तयार झाला. माझ्याच मोबाईलवर उघडून पाहिला, झकास उघडला. अकरा ठिकाणी पोस्टरं चिकटवली: वाचनालय, तंत्रनिकेतन, बसस्थानक, कुरिअरवाला, धान्यबाजाराचं फाटक. दोन्ही हातांना खळ.

पहिल्या दिवशी नोंदणी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मी दर तासाला बघत होते. गुरुवारी तर भांडी घासताना मध्येच हात पुसून बघितलं. शनिवारी दुपारी चार वाजताही शून्य होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या मोठ्या गावात एक माणूस नाही? एक? मग रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्यांशी गप्पा मारायला कशाला जायचं? मी गेलेच नाही. ग्रंथपालबाईंना तसं कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सोमवारी मॅनेजरला लिहून टाकलं: येते.

अण्णांना सांगायला मात्र मी संध्याकाळ केली. ते खिडकीशी बसून डाव्या हाताने नखं घासत होते.

"किती... आले होते?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"गेली होतीस?"

"कुणी नावच नोंदवलं नाही, तर जाऊन काय करू?"

ते पुन्हा नखं घासायला लागले. मग म्हणाले, "बरं."

भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी झाडताना केरसुणी त्यांच्या खाटेखाली कशाला तरी अडली. बघते तर त्यांची कॅनव्हासची बॅग. आत चार पायजमे, टॉवेल, औषधांची पिशवी, आणि सगळ्यात वर लाइन तपासायचा एक्स्चेंजमधला जुना काळा रिसीव्हर, वायर गुंडाळून. एका हाताने भरलेली बॅग होती, कपड्यांच्या घड्या नव्हत्याच, नुसते गोळे. मी ती होती तशी आत सरकवली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

बुधवारी वाचनालयात गेले, अण्णांची पुस्तकं परत करायला आणि त्यांचं सभासदत्व बंद करायला. ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे बघितलं, पुस्तकं घेतली, आणि म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या वेळेची काही किंमत नाही का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी सात माणसं वर ताटकळत बसली होती. मी दोनदा चहा पाठवला. तुमचा पत्ता नाही, निरोप नाही."

मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी टेबलावरची लांब वही माझ्यापुढे फिरवली. त्या वाचनालयात कुणीही वर गेलं तरी दोरीला बांधलेल्या पेनाने वहीत लिहावंच लागतं: नाव, काम, फोन, कोणाला भेटायचे, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. इतकी वर्षं मी त्या वहीची टिंगल करत आले होते. दहा तारखेच्या पानावर सात ओळी होत्या. धान्यबाजारातल्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. शीतगृहांचे सेन्सर. रक्ततपासणीच्या लॅबचे कॉम्प्युटर. तंत्रनिकेतनात शिक्षक. बसस्थानकाचं बुकिंग. घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग. शेवटचा, 'निवृत्त, शिकायचे आहे'. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात सातही जणांनी एकच लिहिलं होतं: पोस्टरवाल्या मॅडम. आत पाच वाजता, बाहेर साडेसहाला.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. "पण फॉर्म कुणीच भरला नाही," मी पुटपुटले.

"तो उघडतच नव्हता म्हणे. सगळे तेच बोलत होते." बाईंनी वही आपल्याकडे ओढली. मी लाज गिळून त्या पानाचा फोटो मागितला. सभासदत्व बंद करायचं राहूनच गेलं.

घरी येऊन अण्णांच्या कपाटातला त्यांचा पडून राहिलेला मोबाईल चार्ज केला आणि त्यावरून तो चौकोन टिपला. पडद्यावर आलं: 'हा फॉर्म फक्त संस्थेतील सदस्यांसाठी आहे.' मी फॉर्म ऑफिसच्या खात्यातून केला होता, त्यामुळे तो ऑफिसच्याच माणसांना उघडत होता. माझ्या मोबाईलवर ऑफिसचंच खातं, म्हणून मला झकास उघडला. सोळा वर्षं मी माझ्या प्रोग्राममधली चूक दाखवणाऱ्या टेस्टिंगच्या पोरींवर खेकसत आले, "माझ्याकडे तर चालतंय!" आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं. गावाने दार लावलं म्हणून मी बोटं मोडत होते, आणि कडी मीच आतून घातली होती.

अण्णांना सगळं सांगितलं. ते हसले. झटक्यानंतर त्यांचा चेहरा अर्धाच हसतो, पण तो अर्धा मनापासून हसला.

"लाइन... तपासली नाहीस," ते म्हणाले. "आधी आपलं टोक."

"चूक झाली. आता कुठल्या तोंडाने फोन करू त्यांना?"

त्यांनी डावा हात पुढे केला. "दे."

मला वाटलं पाणी मागतायत. ते स्वतःचा मोबाईल मागत होते. वहीच्या फोटोतल्या पहिल्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही दोनशे सहाची." मी नंबर लावून दिला. पलीकडे बाईचा घाईतला आवाज आणि मागे ट्रकचे हॉर्न. "हॅलो? कोण? हॅलो?"

अण्णांचे ओठ हलले, आवाज नाही. कपाळावरची शीर फुगली. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने ढकलला.

"हॅलो? ठेवू का मी?"

"दोनशे सहा," अण्णा स्पष्ट म्हणाले.

 मग ती बाई एकदम हसली. "अण्णा? एक्स्चेंजचे अण्णा ना? अहो, आमच्या माहेरचा हा नंबर तुमच्याशिवाय कोण लक्षात ठेवणार! बोला, सावकाश बोला. मी आहे."

अण्णा सावकाश बोलले. 'मुलगी', 'चूक', 'शनिवारी', 'पाच'. चार शब्दांना चार मिनिटं लागली आणि ती बाई थांबली. पुढचे सहाही फोन त्यांनीच केले. एकजण शेजारच्या गावचा, त्याला जुना नंबर नव्हता. तिथे मात्र घोडं अडलं आणि मला बोलावं लागलं. मी माफी मागितली. सातवा फोन झाल्यावर अण्णांचा सदरा घामाने भिजला होता, पण फोन त्यांनी परत दिला नाही, खिशात ठेवला.

शनिवारी मी साडेचारलाच पोचले. दोरीच्या पेनाने वहीत लिहिलं, आणि ग्रंथपालबाईंनी मी काय लिहिते ते मान लांब करून वाचलं. पाचला सातही जण आले, लॅबवाल्याबरोबर त्याची बायकोही. मी उभी राहून माफी मागायला लागले तर वजनकाटेवाली म्हणाली, "अहो बसा! आम्हाला वाटलं ही परीक्षाच आहे. जो फॉर्म उघडेल तोच खरा. त्या दिवशी आम्ही दीड तास तोच उघडायचा प्रयत्न केला."

"मजा आली," निवृत्त गृहस्थ म्हणाले. "पाच वर्षं एकाच गल्लीत राहतो आम्ही दोघं," त्यांनी टेस्टिंगवालीकडे बोट केलं, "आणि ही काय करते ते मला त्या दिवशी कळलं."

म्हणजे भेट माझ्यावाचूनही झालीच होती. माझा नक्षा जरा उतरला, आणि बरं वाटलं.

मग कामाच्या गोष्टी निघाल्या. वजनकाटेवालीचं सॉफ्टवेअर तिने एकटीने लिहिलेलं. पावसात काटा भिजला की आकडे नाचतात, त्यावर तिने केलेला उपाय ऐकून मी तोंडात बोट घातलं. आमच्या ऑफिसात यासाठी तीन मीटिंगा झाल्या असत्या. शीतगृहवाला सगळ्यात कमी बोलत होता. नऊ शीतगृहांचं तापमान त्याच्या एका यंत्रणेवर चालतं. एका जरी ठिकाणी तापमान चढलं तरी लोकांचा वर्षभराचा माल जातो, म्हणून दोन वर्षांत त्याने मोबाईल बंद केलेला नाही.

निघताना जिन्यात तो थांबला. "मला जोडीला माणूस हवंय. शहरात जाहिरात दिली, इथे यायला कोणी तयार होत नाही. तुमच्यासारखं इथलंच कोणी असेल असं वाटलं नव्हतं."

"मला पण," मी म्हटलं.

"पगार तुमच्या आत्ताच्या निम्मा असेल. पण एक तारखेपासून या. मला एकदा मुलाच्या शाळेत मोबाईल बंद करून बसायचंय."

विचार करते म्हणाले खरी, पण विचार जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंतच टिकला. मागे वळले आणि हो म्हणाले. मॅनेजरला नकार लिहायला वीस तारखेपर्यंत अजून तीन दिवस होते. मी तो बाहेरच्या बाकावर बसूनच लिहिला.

घरी अण्णा खिडकीशी होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "किती?"

"आठ. आणि अण्णा, आपण कुठेही जात नाहीये."

त्यांनी मान डोलवली, जशी काही ही जुनीच बातमी होती. मी वाकून खाटेखालची बॅग ओढली, म्हटलं, आधी ही रिकामी करू. बॅग हलकी लागली. चेन उघडली तर आत काही नव्हतं. पायजमे कपाटात, औषधं फळीवर, आणि काळा रिसीव्हर खिळ्याला टांगलेला.

"हे कधी काढलंत?"

"फोन केले... त्या दिवशी."

"आणि आज कुणीच आलं नसतं तर?"

अण्णांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. मी थांबले.

"परत... भरली असती," ते म्हणाले.