कव्हरवरचं पहिलं नाव

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो, आणि मला कुणाची कीव नकोय. माझ्या अकरा पट्ट्या मुक्या झाल्यात. बाकीच्यांना सगळं आठवतं.

न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात मी बनलो. पाच जणांनी कण्हत-कुंथत मला त्याच शहरातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर मो गर्लिट्झच्या खोलीत चढवलं. मो व्हॉडव्हिलसाठी गाणी करायचा. एकाच तिकिटात कुत्र्यांच्या कसरती, नकला आणि मधे गाणं, असला तो खेळ. हात सोन्याचे होते त्याचे. कणा तेवढा नव्हता.

त्या धंद्यात एक रीत होती. बड्या गायकानं गाणं गायलं, की त्या गाण्याची स्वरलिपी छापून विकायची, तिच्या कव्हरवर संगीतकार म्हणून त्याचंही नाव टाकायचं. डनलेव्ही नावाचा गायक यायचा आणि पेटता सिगार माझ्या डोक्यावर ठेवायचा. त्या ठोंब्याला माझी एकही पट्टी ओळखता येत नव्हती.

"मो, राजा, कव्हरवर जागा आहे ना? मग टाक माझं नाव. वर टाक!"

आणि हा टाकायचा! वर हसायचासुद्धा!

मग रेडिओ आला. मोनं बायकोसाठी, बेसीसाठी, एक गाणं बांधलं. महिनाभर माझ्यावर घासलं. बेसी कांदा चिरता चिरता म्हणाली, "हे फक्त तुझं. तो बोका गाऊ दे हवं तर, पण त्याचं नाव लागलं ना, तर बघ."

"तुझी शप्पथ," मो म्हणाला.

गाणं रेडिओवर लागणार त्या दिवशी बेसीनं मधाचा केक केला, अख्खी इमारत गोळा केली. शेजारच्या प्लॉटकिनबाईंचा रेडिओ माझ्यावर ठेवला. निवेदक म्हणाला, "ऐका, डनलेव्ही यांनी रचलेलं आणि त्यांनीच गायलेलं..."

प्लॉटकिनबाई केक खाता खाता म्हणाल्या, "अगं, तुझा मो कुठंय यात?"

 बेसीनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

मो रेडिओ स्टेशनवरून घरी आला. "रेडिओवर वेळ कमी असतो गं. एकच नाव घेतात."

बेसी म्हणाली, "छान होतं गाणं. कुणाचं होतं?"

आणि तिनं माझं झाकण लावलं. मोनं ते परत कधी उघडलं नाही. पुढं तो कुठल्याशा कचेरीत बसून साबणाच्या जाहिरातींना चाली लावायचा, म्हणे. माझ्यावर धुतलेले मोजे वाळायचे.

आता मी एका शाळेच्या तळघरात आहे. तुम्ही पोरं येता, धडाधड बडवता. बडवा! कधीतरी धूळ पुसा, सूर लावणाऱ्याला बोलवा. पण चाल तुमची असेल ना, तर वेडीवाकडी का असेना, ओरडून सांगा की ही माझी आहे. गप्प बसणार असाल तर हात लावू नका मला.