भिंतीवरचा पहिला फोटो

माझा मुलगा टॉरन्स कॉलेजात गेला तेव्हा इतका किडकिडीत होता की त्याचा बाप त्याला काडीच म्हणायचा. उंची मात्र दाराला डोकं लागेल एवढी, आणि अंगणातून बापानं चेंडू कुठंही फेकावा, तो काडीच्या हातात जाऊन बसायचाच. ओडेल, म्हणजे माझा नवरा, ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. घरी आला की हातसुद्धा न धुता चेंडू उचलायचा. जेवण गार व्हायचं आणि मी दारातून दोघांच्या नावानं खडे फोडत बसायची.

आमच्याकडचा फुटबॉल हातानं फेकायचा-झेलायचा; त्याच्या जोरावर कॉलेजनं त्याची फी माफ केली. सोडायला गेलो त्या दिवशी व्यायामशाळेत कोच टिल्मन भेटले. सामने खेळवणारे कोच वेगळे, हे पोरांची अंगं कमावून घेणारे. या माणसाला मान म्हणून नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं. त्यांनी टॉरन्सला शर्ट काढायला लावला, भिंतीला टेकवून उभा केला आणि फोटो काढला. त्यांचा रिवाजच होता तो. आल्या दिवशीचा फोटो भिंतीवर लागायचा आणि दर उन्हाळ्यात शेजारी नवा. कॉलेज संपेपर्यंत भिंतीवरून काही उतरायचं नाही.

"मिस्टर पिकेट," ते ओडेलला म्हणाले, "हा गडी माझ्या हवाली करा. तीन वर्षांत तुम्हीसुद्धा ओळखायचा नाही याला."

ओडेल खदाखदा हसला. "लावा पैज! माझ्या काडीला मी पाठमोरा ओळखेन, तेही अंधारात."

कोचचा मला राग आहे, पण खोटं बोलणार नाही. त्या माणसानं माझ्या पोराचं सोनं केलं. घरी दहा हाकांशिवाय न उठणारा मुलगा पहाटे पाचला लोखंडाखाली उभा राहायला लागला. वजनं लादलेली घसरगाडी मैदानभर रेटायची, खांद्यावर दांडी घेऊन बसायचं, उठायचं, मग खायचं. पुन्हा खायचं. भूक नसली तरी खायचं. जो उशिरा येईल त्याच्यापायी सगळ्यांनी पळायचं, म्हणून टॉरन्स कुठं उशिरा जायचाच बंद झाला. पाठ ताठ झाली. परीक्षेत मार्क वाढले. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला लागला.

पहिल्या हिवाळ्यानंतर त्यांनी त्याला पुढच्या फळीत टाकलं. तिथं धिप्पाड पोरं भिंतीसारखी उभी राहतात आणि मागून चेंडू फेकणाऱ्या पोराला वाचवतात. फळीतल्याच्या स्वतःच्या हाताला चेंडू लागत नाही. जो मुलगा चेंडू झेलण्यासाठीच जन्माला आला होता, त्याला यांनी फळी केलं. दोनशे पौंडांचासुद्धा नव्हता, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर गेला. चेहरा रुंदावला, मान गेली, चालसुद्धा बदलली. मी पाठमोरा बघितला तर मलाही क्षणभर कळायचं नाही.

आणि त्याच वर्षांत ओडेलचं डोकं हातातून निसटायला लागलं. वीस वर्षांचा पाठ असलेला रस्ता चुकून तो ट्रक घेऊन भलत्याच गावी गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जुनं राहील, नवं राहणार नाही.

तिसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला टॉरन्स घरी आला. ओडेल खुर्चीतून उठला, अदबीनं हात पुढं केला आणि म्हणाला, "या, बसा. कुठल्या गावचे तुम्ही?"

टॉरन्सला वाटलं बाप चेष्टा करतोय. "तुमच्याच पोटचा, सर," तो हसून म्हणाला. आमच्याकडे मुलं बापाला सरच म्हणतात.

ओडेलही हसला, पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "व्हर्लिन, याला टर्की जास्त वाढ. केवढा आहे बघ! आणि काडी कुठं राहिला?"

टॉरन्स जेवला नाही. मागच्या पायरीवर जाऊन बसला, आणि ती पायरी त्याच्या हुंदक्यांनी करकरत होती.

शेवटच्या वर्षी, ऑक्टोबरात, कोचचा मला फोन आला.

"मिसेस पिकेट, घरी काही बिनसलंय का? पोराचं वजन दर आठवड्याला उतरतंय. शनिवारी समोरच्यानं त्याला चटईसारखा गुंडाळला. चेंडू फेकणाऱ्या पोराचा खांदा निखळला. तो स्वतः मान मोडून घेईल एक दिवस."

मी तशीच गाडी काढली. व्यायामशाळेत दोघं त्या फोटोंच्या भिंतीपाशी उभे होते. टॉरन्सचे गाल आत गेले होते, पण खांदे तेवढेच. अर्धवट सोललेल्या झाडासारखा दिसत होता.

"मुलखाचा खादाड तू," मी म्हणाले, "आणि उपास कसले करतोयस?"

तो वळला. भिंतीवरच्या पहिल्या फोटोवर बोट ठेवून कोचला म्हणाला, "कोच, मला परत असा करा. सीनियर डेला माझे डॅडी मैदानात येणार. मला त्यांनी एकदा ओळखायला हवंय. तुम्ही कुणालाही काहीही बनवता. मग हा बनवा."

इतका मोठा माणूस, पण त्याला कुठं बघावं कळेना. कोच म्हणाले, "मला फक्त चढवता येतं रे, बाळा. आणि समज, वजन उतरवलंच, तरी हा चेहरा अठराचा होता. तो कुठून आणू?"

मग जे बोलायचं ते माझ्याच वाट्याला आलं.

"खा," मी म्हणाले. "तू उपाशी मेलास तरी तुझे डॅडी परत यायचे नाहीत. तुझ्या मागं उभ्या असलेल्या पोरालाही आई आहे. खा."

माझ्या आयुष्यात पोराला इतकं कठोर मी कधी बोलले नव्हते. तो मान हलवून गेला. कोचनी भिंतीवरचा तो फोटो उतरवला आणि माझ्या हातात दिला. "रिवाज गेला खड्ड्यात," ते म्हणाले. "मिस्टर पिकेटना द्या." मी पैजेची आठवण काढली नाही. त्यांनाही ती होतीच, त्यांच्या तोंडावर दिसत होती.

नोव्हेंबरात सीनियर डे आला. शेवटच्या वर्षाची पोरं आईबापाचा हात धरून मैदानात चालत येतात, भोंग्यावर नाव पुकारतात, आईला फूल मिळतं. ओडेल नवा कोट घालून आला होता. फोटो त्यानं सकाळपासून खिशातून काढला नव्हता, सारखा वरून चाचपत होता.

टॉरन्स आला. हेल्मेट काखेत, आमच्या दोघांच्या मधे उभा राहिला. ओडेलनं त्याला बघून टोपी काढली आणि पलीकडे पोरांच्या रांगेत कुणाला तरी शोधत राहिला. आमचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. आम्ही चालायला लागलो, आणि मैदानाच्या मध्यावर ओडेल थांबला. त्यानं फोटो काढला.

"हा माझा मुलगा," तो टॉरन्सला म्हणाला. "याच संघात आहे. तुम्ही ओळखता का?"

टॉरन्स फोटोवर वाकला. "हो, सर. ओळखतो."

"चांगला खेळतो?"

"हात फार चांगले आहेत त्याचे, सर. तुम्ही शिकवलंत म्हणतो."

ओडेलचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी तो असा दिसला! त्यानं टॉरन्सच्या दंडावर हात ठेवला. तो हातात मावत नव्हता. "हलका आहे हो तो फार. हे लोक त्याला मोडतील. तुम्ही एवढे थोराड आहात, जरा लक्ष ठेवा त्याच्यावर."

"ठेवतो, सर."

"देव तुमचं भलं करो. तुमच्या आईनं वळण फार चांगलं लावलंय. आल्यात का त्या?"

टॉरन्सनं माझ्याकडे बघितलं. "इथंच आहे," मी म्हणाले.

ओडेल हसला आणि मायेनं माझा हात दाबला. "तू नव्हे गं, व्हर्लिन. मी याच्या आईचं विचारतोय."

हातातलं फूल माझ्याच्यानं धरवेना. टॉरन्सनं ते खाली पडायच्या आत झेललं आणि माझ्या हातात परत दिलं.

"ती प्रत्येक सामन्याला येते, सर," तो बापाला म्हणाला, आणि हेल्मेट डोक्यात घालून फळीत जाऊन उभा राहिला.