न लावलेली पाती

पद्माकर कर्णिकांनी धनुष्य लावून दिलं की पुन्हा बघायला नको, असं ब्रिस्टलमधले तिरंदाज म्हणत. विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, निवृत्तीनंतर तिरंदाजीच्या दुकानात बसू लागला होता. गळ्यात तुळशीची माळ. शनिवारी मंडळाच्या कीर्तनात पेटीची साथ.

उन्हाळ्यात यतीन आला. मित्राचा मुलगा, इथेच जन्मलेला, मराठी बोलताना लिंगं चुकवणारा. इथे बाणाने शिकारीला बंदी, म्हणून तो हंगेरीला जाणार होता, मोठ्या शिंगांच्या हरणामागे. ओढायला सत्तर पौंडांचा जोर लागेल असं धनुष्य मागत होता. "ओढताना हात थरथरला तर सत्तर काय चाटायचेत?" म्हणत काकांनी त्याला साठावर आणलं. बाण जड निवडले. कागदातून सोडून भोक गोल पडेपर्यंत, बाण टेकतो ती रेस्ट केसाकेसाने सरकवली. पण हे सगळं सरावाच्या साध्या टोकांवर. शिकारीची चार पात्यांची टोकं डबीतच राहिली. माळकऱ्याने त्यांना हात कसा लावायचा? पाती वारा धरतात, बाण भलतीकडे नेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी धनुष्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं, 'तयार'.

ऑक्टोबरात यतीन परतला तो धनुष्य विकायलाच.

"काका, बाण हरणाच्या पोटात लागली. बावीस यार्डावर. कुत्रे आणले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला. अजून जिवंत होता." तो खाली बघत म्हणाला, "माझा हात हलला असणार. मला नाही जमणार हे."

"होतं असं," काका म्हणाले. एवढंच.

शनिवारी बुवांनी निरूपणाला भूतदया घेतली. बायका डोळे पुसत होत्या. काकांना मात्र झुडपात पडून श्वास ओढणारा तो जीव दिसत होता. आपण हात स्वच्छ ठेवले ते कोणासाठी? बोट भलत्याच पट्टीवर पडलं. बुवांनी सांभाळून घेत धृपद उचललं, हसून मान हलवली. त्या मायेने काकांना जास्तच लाजल्यासारखं झालं.

रविवारी त्यांनी यतीनला बोलावून घेतलं. दुकानामागच्या, बाण सोडून बघायच्या लेनमध्ये स्वतःच्या हाताने पाती बाणावर फिरवून बसवली.

"सोड."

आधी साधा बाण मधोमध गेला. मग पात्यांचा, चार बोटं डावीकडे. पुन्हा सोडला, पुन्हा तिथेच.

यतीन बघत राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. माळेमुळे पात्यांना हात लावला नाही. आणि तुला तसं सांगितलंही नाही."

"सांगायचं ना, काका. मी दुसरीकडे नेला असता धनुष्य." आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. "दीड दिवस तो तसा पडला होता."

"हो. ते माझं आहे, तुझा हात हलला नव्हता. तू विक, ठेव, परत जा नाहीतर जाऊ नकोस, ते तुझं तू ठरव. पण चुकीचं लावलेलं हे माझ्या हातून बाहेर जाणार नाही."

यतीनने लक्ष्यातून बाण उपसून आणले. मग त्याने धनुष्य पुढे केलं. काकांनी चष्मा चढवला, पान्याने रेस्ट केसभर उजवीकडे सरकवली आणि पात्यांचा बाण त्याच्या हाती दिला.

"पुन्हा सोड."