नववा प्रश्न

मनगटाजवळचं ते बटण एकाच धाग्यावर लोंबत होतं. पांढरं, चार भोकांचं. मैत्रीण वहीचं पान उलटायची तेव्हा दर वेळी ते बाकाच्या कडेवर टकटकायचं. सांगावं का? पूर्वी सांगितलं असतं. पूर्वी दप्तरातून सुई काढून तिथल्या तिथे टाकासुद्धा घातला असता. आता ती नुसती बघत बसली. पडू दे.

"आठही प्रश्न पाठ आहेत ना तुझे?" मैत्रिणीनं विचारलं. मैत्रीण... तिच्यासाठी दुसरा शब्द अजून सापडला नव्हता.

"आहेत."

"क्रम बदलू नकोस हां. माझी पार भंबेरी उडते."

"नाही बदलत," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. क्रम तोच राहणार होता. आठव्यानंतर नववा येणार होता, एवढंच.

आत फ्रेंचची तोंडी परीक्षा चालू होती. आता मधली पातळी, म्हणजे नाव-गाव सांगून सुटका नाही. जोडीनं समोरासमोर बसून बोलायचं, विषय 'माझं लहानपण', आणि सगळं त्या एका भूतकाळात, ज्याला एकदाच घडलेली गोष्ट चालत नाही. 'आला' नाही, 'यायचा'. मादाम — फ्रेंचच्या बाईंना सगळे मादामच म्हणत — फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून म्हणाल्या होत्या, "जे होतच राहिलं, ते इथे." आणि त्यावर एक परिच्छेद घरून लिहून आणायला सांगितला होता. तिला वाटलं होतं... वेडीच होते मी... परक्या भाषेत लिहिलं की ते आपलं राहत नाही. म्हणून तिनं खरं लिहिलं. माँ पॅर दोर्मे दां लेस्कालिए. माझे बाबा जिन्यात झोपायचे. आई दार उघडायची नाही, तेव्हा. आणि अक्षरांवरच्या खुणा तपासून दे म्हणून ती वही तिनं एकाच माणसाला दाखवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नळाशी घोळका होता. मध्ये मैत्रीण, तोंडात पाणी, मान मागे टाकून, फ्रेंचमधला तो 'र' घशात खळखळवत — पॅ-र्र-र दो-र्र-मे — अगदी तिच्यासारखा. आणि कुणीतरी विचारलं म्हणून, पाणी थुंकून, अर्थही. तेव्हापासून वर्गात नाव पडलं 'गुळणी', मैत्रिणीचं नाही, तिचं. जिन्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण ती जिना चढताना मागून कुणी नुसतं खळखळलं तरी पुरायचं.

"मस्करी होती गं," मैत्रीण म्हणाली होती. "किती मनाला लावून घेतेस!"

याला सहा आठवडे झाले होते. जोड्यांच्या चिठ्ठ्यांत दोघींची नावं एकत्र निघाली तेव्हा मैत्रिणीनं टाळी वाजवली, आणि तिनंही वाजवली. दात घासताना, रस्ता ओलांडताना, आईनं वाढलेलं न बघता गिळताना तिनं एकाच वाक्याला धार लावली.

दार उघडलं. दुसऱ्या शाळेतून आलेले परीक्षक सर्दीनं बेजार होते, शेजारी मादाम. आठ प्रश्न सुरळीत पार पडले. मैत्रीण पाठ केलेलं घडाघड म्हणत होती, वही मिटावी तसे हात जुळवून आता उठणारच होती...

"आणि लहानपणी तुझ्या घरी कोण यायचं?"

इतकं साधं वाक्य. मैत्रिणीच्या घरी कुणी यायचं नाही. तिची आई पडदे ओढून दिवसचे दिवस अंथरुणात असायची, उठली तर भिंतीशी भांडायची. बेल वाजली की मैत्रीण ओठांवर बोट ठेवायची. हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. एकीला सोडून.

मैत्रीण आधी लाल झाली, मग पांढरी. तिनं परीक्षकांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. आणि मला गोड लागलं ते, खोटं कशाला बोलू, जिभेवर गोड लागलं.

परीक्षक वाट पाहून नाक पुसत प्रश्न विचारणारीकडे वळले. "मैत्रिणी आहात ना? मग तुम्हीच सांगा. कोण यायचं?"

'कुणीच नाही' असं म्हणायचं होतं. फ्रेंचमधला शब्द तयार होता, एकच शब्द, तोही अगदी सोपा. तिनं तोंड उघडलं आणि...

"मी," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "मी यायचे. दर शनिवारी. आम्ही हळू आवाजात खेळायचो."

एकही चूक नाही. परीक्षकांनी "वा!" म्हणत कागदावर काहीतरी लिहिलं. तिच्या कागदावर. मैत्रिणीच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही.

बाहेर आल्यावर मैत्रीण दप्तराचा पट्टा ओढत म्हणाली, "हळू आवाजात खेळायचो, हे कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं."

"कोण यायचं, एवढंच विचारलं होतं."

मैत्रीण निघून गेली. पुढच्या जोडीतल्या एकीनं बाही धरून विचारलं, "कशी होती गं?"

"सोपी होती," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका कसा थंड राहिला याचीच तिला भीती वाटली.

ती फाटकाबाहेर पडली, चालत राहिली. परतफेड झाली की नाही? इतके दिवस ती सकाळी त्या वाक्यासाठी उठत होती, आणि आता ते वापरून झालं होतं, आणि राग मात्र होता तिथेच, हात चोळत, पुढचं काम मागत... मागत होता की दुसरंच काही मागत होता? कोपऱ्यावर तिच्या लक्षात आलं, डोक्यात नवं वाक्य जुळायला लागलंय. मैत्रिणीसाठीच. 'तू' एवढंच आलं होतं. माफी होती की आणखी एक वार, ते पुढच्या क्रियापदावर होतं. ती थांबली, आणि ते क्रियापद येऊच नये असं तिला वाटत राहिलं.