उलटे आटे

बाबांच्या गाडीचा एक सांधा सुटू नये म्हणून आई देव पाण्यात घालून बसली होती, आणि तो सोडवायला गाडीखाली मी आडवी होते.

चहा द्यायला आली तेव्हा ती वाकून पुटपुटली, "नाही निघालं म्हणून सांग ना. एक दिवस हरलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

बाबा विसरायला लागलेत. गेल्या महिन्यात त्यांनी गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला घातली, समोरून ट्रक आला आणि ट्रकवाल्यानेच काय ते सांभाळलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टिअरिंग डळमळायला लागलं. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक झिजलं होतं. गाडी दारात उभी राहिली आणि आईला झोप लागायला लागली. पण बाबा ऐकतील तर शपथ! "तू नीट कर, नाहीतर अशीच नेतो," म्हणाले. आणि त्यांनी नेलीच असती. इकडे आड, तिकडे विहीर.

बाबा स्टुलावर बसून माझे हात बघत होते. चाकाकडची बाजू तासाभराने ठणकन सुटली. दांड्याकडची मात्र गंजाने जाम झाली होती. तेल सोडलं, गॅसने तापवलं, पान्याला लांब पाईप लावून लोंबकळले. प्रत्येक झटक्याला गाडी स्टँडवर थरथरायची. खरं सांगायचं तर आईचं ऐकायला मला चांगलं निमित्त मिळत होतं. पण माझा स्वभाव मेला असला! गॅरेज चालवणारी बाई मी, एका नटापुढे हात टेकू?

"अगं, आवळतेयस तू," बाबा म्हणाले.

"काय?"

"त्या टोकाचे आटे उलटे आहेत. जुन्या गाडीला असतात. तुला शिकवलं होतं की."

सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना आठवत नव्हतं. मी पाना फिरवून धरला. करकर करत टोक हललं आणि मी "निघालं!" म्हणून ओरडले. मग खिडकीत आईचा चेहरा दिसला. माझा सगळा आनंद तिथेच विरला.

नवं टोक बसवलं, दोरी ताणून चाकं सरळ केली. गाडी खाली उतरवेपर्यंत बाबा चपला घालून तयार.

"किल्ली दे. चौकापर्यंत जाऊन येतो."

"मी चालवते, तुम्ही शेजारी बसा."

"माझी गाडी आहे," म्हणत ते स्टिअरिंगमागे बसलेसुद्धा.

आई पदराला हात पुसत आली आणि मुकाट्याने त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी तिच्या खिडकीशी धावले.

"आई, उतर! तूच सकाळपासून नको नको म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. पण एकटं कसं सोडू यांना?" तिने हात लांब करून दोघांच्या मधला हँडब्रेक धरला. गाडीतलं ओ की ठो न कळणारी माझी आई. "शेजारच्या भाऊजींना विचारून ठेवलंय मी. हा ओढला की थांबते म्हणे."

एवढ्या आधारावर ती जायला निघाली होती.

"बाबा, मी किल्ली देणार नाही," मी म्हणाले. "आजही नाही आणि उद्याही नाही."

चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. स्टिअरिंग त्यांनी डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. अगदी हलकं फिरत होतं.

"मग एवढं नीट कशाला केलंस गं?" त्यांनी विचारलं.

आईने ब्रेकवरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि तिघंही तिथेच राहिलो, ते दोघं आत आणि मी बाहेर.