गरम हवेचा पंखा

नागोठण्याला एसटी थांबली तेव्हा हैबतरावांच्या मनात आलं, इथंच उतरावं आणि रोह्याला परत जावं. पण ते बसून राहिले. सकाळी सरूचा फोन आला होता, मूर्तींना भेगा पडल्यात म्हणून. किती मूर्तींना, हे विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

पेणला रामवाडीत सरूचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे भाड्याची पत्र्याची शेड. दहा वर्षं दुसऱ्याकडे साचे भरून यंदा तिनं शाडूच्या मूर्तींचा स्वतःचा धंदा मांडला होता. बँकेनं जामीन मागितला, तेव्हा हैबतरावांनी पंचवीस हजार दिले, बिनव्याजी. ही रीत त्यांच्या बायकोची. धंदा मांडणाऱ्या बाईला शांती जवळचे पाच-दहा हजार द्यायची आणि मग तिच्या कामात नाक खुपसायची नाही. शांतीला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या मागं त्यांनी एकट्यानं दिलेलं हे पहिलं कर्ज.

नाक मात्र त्यांनी खुपसलं होतं. आठ दिवस पाऊस उघडेना, मूर्ती ओल्याच राहिल्या, तेव्हा ते घाबरले. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी एकवीस वर्षं पावडर वाळवायच्या मशीनवर शिफ्ट केली होती. पावडर वाळते तर माती का नाही वाळणार? कोलाडच्या भंगारवाल्याकडून त्यांनी गरम हवेचा मोठा पंखा आणला. शाडूची माती सावकाशच वाळवावी लागते, असं सरू हळूच म्हणालीही होती. पण पैसे देणाऱ्या माणसाला ती किती अडवणार? परवा बटण त्यांनीच दाबलं होतं.

शांतीला ताप आला तेव्हाही, दोन दिवसांत उतरेल, दवाखाना नको, हे त्यांनीच ठरवलं होतं.

रामवाडीला उतरून ते शेडकडे चालू लागले. शेडच्या दारात सरूची सासू हौसा माती मळत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"आलं गो सरू, तुझं कंपनीवालं," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "देव वाळवायचा होता वो, भाजायचा नव्हता."

हैबतराव चपला काढून शेडमध्ये शिरले. आत फळ्यांवर मूर्ती ओळीनं होत्या. कुणाची भेग मानेतून गेली होती, कुणाची पोटावरून. वरची माती झटकन सुकली होती आणि आतली ओली राहिली होती. एकशे दहांतल्या त्र्याहत्तर गेल्या, असं सरूनं सांगितलं. तडा गेलेली मूर्ती कुणी घरी नेत नाही. सगळ्यांची बुकिंगं झालेली, आणि चतुर्थी एकोणीस दिवसांवर. नव्यानं साचे भरायचे, वाळायला दहा-बारा दिवस, वर रंग. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला; दिवस जेमतेम पुरत होते.

"सरू, ते पैसे मला नकोत," ते म्हणाले. "चूक माझी हाय. सोडले मी."

सरूनं हातातला साचा खाली ठेवला. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"नका सोडू, काका," ती म्हणाली. "सोडलंत म्हंजी माझा धंदा बुडाला, ह्ये तुमीच ठरवलंत. मग पुढल्या साली मातीला पैसं कुणापाशी मागू?"

"पण एकोणीस दिवसांत व्हईल?"

"नाय ठाऊक."

तिनं पाण्यानं भरलेल्या पिंपाकडे बोट केलं. भेगाळलेल्या मूर्ती त्यात भिजवायच्या, माती पुन्हा मळायची. तिला आणि सासूला साचे सोडून उठता येत नव्हतं.

हैबतरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिली मूर्ती उचलली. फूटभराची होती, सोंड डावीकडे. पिंपाशी जाऊन ते तसेच उभे राहिले.

"देव हाय गो," ते म्हणाले.

"डोळं आखलं नायत अजून," सरू म्हणाली. " तंवर मातीच ती."

त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. खालून बुडबुडे येऊ लागले. आधी कान गेले, मग हात, मग पोट. सोंड बराच वेळ दिसत होती. ती विरघळेपर्यंत ते वाकून पाहत राहिले. मग दुसरी आणायला फळीकडे गेले.